मिरचीच्या इमोजीचं डोमेन: संकेश्वरच्या व्यापाऱ्यानं घ्यावं की नको?

टिळकवाडी_नेटवाला
सीमाभागात दुकान टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न पाटीचा. कर्नाटकच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीपासून फलकावर ६० टक्के कन्नड हवं, निम्मं गिऱ्हाईक मराठी वाचणारं, आणि वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, मात्र इंग्रजी. पत्त्यात अक्षरांऐवजी इमोजी टाकला तर तो या भांडणाच्या बाहेर राहतो. पोत्यावर लाल मिरची छापली तर गडहिंग्लजचा माणूस ओळखतो आणि गोकाकचाही. कोका-कोलानं २०१५ साली प्वेर्तो रिकोत हसऱ्या चेहऱ्यांची डोमेनं जाहिरातीच्या फलकांवर लावली होती, सगळी डॉट डब्ल्यूएसवर, म्हणजे सामोआ देशाच्या कोडवर. संकेश्वरी मिरची विकणाऱ्यानं हे जरूर करावं असं माझं मत.

निपाणी_सर्व्हर
काय सांगायलाय ओ! कोका-कोलाची जाहिरात महिन्याभरात उतरवली तरी चालते, मिरचीवाल्याचा पत्ता पोत्यावर वर्षानुवर्षं राहतो.

आधी हे चालतं कसं ते बघा. डीएनएसच्या, म्हणजे नावावरून साइट शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या जगात नावाला इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ, एवढंच. बाकी काहीही टाकलं की ब्राउझर त्याचं प्युनीकोड, म्हणजे इंग्रजी अक्षरा-आकड्यांतलं रूप करतो आणि पुढे 'एक्सएन' आणि दोन रेघा लावतो. लाल बदामाच्या, म्हणजे हृदयाच्या इमोजीचं होतं 'एक्सएन--क्यूईआय'. अशा नावांच्या २००३ च्या नियमांत चिन्हं चालायची. २०१० मध्ये नवे नियम आले, त्यात अक्षरं, मात्रा आणि आकडे ठेवले, चिन्हं बाद. आयकॅन ही जगभरच्या डोमेन नावांवर देखरेख करणारी संस्था, तिच्या सुरक्षा समितीनं २०१७ मध्ये इमोजी डोमेन नकोत असं लेखी सांगितलं. म्हणून डॉट कॉमवर नवं इमोजी नाव मिळत नाही, जुनी तेवढी टिकून आहेत. मिळतं ते आयकॅनच्या कराराबाहेरच्या काही देशांच्या कोडवर, आणि तिथं त्या देशाची मर्जी. गॅबन देशाचं उदाहरण घ्या. त्यांचं डॉट जीए फुकट वाटलं जायचं, त्यावर इमोजीही चालायचे. जून २०२३ मध्ये गॅबननं कोड परत ताब्यात घेतला आणि लाखो नावं गेली.

शहापूर_पेठ
निपाणीकरांचं नियमांचं बरोबर, पण निष्कर्ष जरा टोकाचा. इमोजी नाव मुख्य पत्ता करायचंच नाही. खरी साइट साध्या डॉट इनवर ठेवायची, इमोजी नाव फक्त तिकडे वळवायचं. सामोआनं उद्या नियम बदलला तरी दुकान उघडंच राहतं.

करताना चुकतं कुठं ते सांगतो. डीएनएसच्या पॅनेलमध्ये इमोजी चिकटवू नका, 'एक्सएन' वालं रूप टाका. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सर्व्हर नावातही तेच, साइट सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्राच्या अर्जातही तेच. तीनपैकी एका जागी जरी इमोजी राहिला तर साइट 'असुरक्षित' दाखवते नाहीतर उघडतच नाही, आणि माणूस होस्टिंगवाल्याला शिव्या घालत बसतो. क्यूआरमध्येही 'एक्सएन' वालंच रूप भरा. लेबलची, म्हणजे पत्त्यातल्या टिंबाआधीच्या नावाची मर्यादा ६३ अक्षरांची, त्यात 'एक्सएन' आणि दोन रेघा धरूनच. इमोजींची माळ ओवू नका.

निपाणी_सर्व्हर
क्यूआरच छापणार असाल तर त्यामागं इमोजी कशाला? क्यूआर वाचणाऱ्याला पत्ता दिसतो कुठं? साधं डॉट इन भरा की! आणि क्रोम तर पत्त्याच्या पट्टीत मिरची दाखवतच नाही, 'एक्सएन' वालं कडबोळंच दाखवतो. सफारीत दिसते, पण संकेश्वरच्या बाजारात आयफोन किती?

खानापूर_फॉन्ट
तुमचं वळवणं-बिळवणं ठीक, नाव विकत घेतानाच घोळ होतो त्याचं काय? लाल मिरचीच्या इमोजीमागं कीबोर्ड एक अदृश्य चिन्ह लावतो, रंगीत चित्र दाखवण्यासाठी. ब्राउझर ते गाळून टाकतो, पण काही प्युनीकोड साधनं गाळत नाहीत. मग तुम्ही तपासता एक नाव आणि गिऱ्हाईक टाइप करतं दुसरं. बदामाचं आणखी वेगळं: लाल बदाम आणि खेळायच्या पत्त्यांतला बदाम ही दोन निराळी चिन्हं, दोन निराळी डोमेनं. अंगठ्याला कातडीचे पाच रंग, म्हणजे मूळ पिवळा धरून सहा नावं. सहाही घेणार का?

कुटुंबाचा इमोजी तर विसराच. आई, बाप, पोर जोडायला जे अदृश्य जोडचिन्ह लागतं ते डोमेनमध्ये हलन्तानंतर, म्हणजे अक्षराचा पाय मोडल्यावर आलं तरच मान्य. इमोजीत हलन्त कुठला? एकतर नाव नाकारलं जातं, नाहीतर कुटुंबाची वाटणी होऊन तीन वेगळी तोंडं दिसतात.

अनगोळ_ताई
एवढी कसरत कशाला दादा? डॉट भारत २०१४ पासून आहे, देवनागरीत. कन्नड लिपीतलंही आहे. दोन्ही घ्या, एकाच साइटवर वळवा. फोनवर "संकेश्वरी मिरची डॉट भारत" म्हणता येतं. इमोजी फोनवर कसा सांगणार? "लाल मिरची, हिरवी नव्हे, बुडाला देठ असलेली"? आणि कुंदा मिठाईवाल्यांनी तर गप्पच बसावं, कुंद्याला इमोजीच नाही. करदंट मिठाईलाही नाही.

टिळकवाडी_नेटवाला
ताई, देवनागरी तरी कुठं सरळ आहे? मंगल कार्यालयासाठी 'वऱ्हाड' नाव घेऊन बघा. एक कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त देतो, दुसरा साधा र, हलन्त आणि तेच खानापूरकरांचं जोडचिन्ह. दिसायला एक, प्युनीकोड दोन. इमोजीला जे दोष लावायलाय ते आपल्या लिपीलाही लागतात.

खानापूर_फॉन्ट
लागतात, पण देवनागरीला लिपीचे नियम लावता येतात. 'ऱ्ह' असा लिहायचा, तसा नाही, हे नोंदणी करणारी संस्था ठरवू शकते. मिरचीचं चित्र गुगलचं वेगळं, ॲपलचं वेगळं, त्याला कोण नियम लावणार?

शहापूर_पेठ
आणि ईमेल राहिला. इमोजी डोमेनवर ईमेल चालवू नकाच. बऱ्याच फॉर्मांना तो पत्ता पटत नाही, 'अवैध' म्हणून लाल रेघ येते. बऱ्याच चॅटमध्ये लिंक निळीही होत नाही, गिऱ्हाईक बोट लावतं आणि काही होत नाही. ईमेल डॉट इनवरच. इमोजी घ्यायचाच तर एकच घ्या, पाठीमागं अदृश्य चिन्ह नसलेला, आणि पोत्यावर छापताना खाली बारीक अक्षरांत डॉट इनचा पत्ता द्या.

निपाणी_सर्व्हर
खाली डॉट इन द्यायचंच आहे तर वरची मिरची नुसतं चित्र म्हणून छापा. त्याला नोंदणी फी लागत नाही.