औषधाची माहिती शोधायला मुलांना शिकवायचं कसं?

शिक्षिका_डीफार्म
तालुक्याच्या गावी डी.फार्म.ला (औषधनिर्माणाची पदविका) शिकवते, नववं वर्ष. परवा दुसऱ्या वर्षाच्या वीस जणांच्या बॅचला प्रश्न दिला: लिव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) आणि कॅल्शियम सकाळी एकदम घेतलं तर चालेल का? दहा मिनिटांत सगळे मोकळे. चौदा वह्यांत एकच वाक्य, स्वल्पविरामासकट: 'दोन्ही औषधे सुरक्षित आहेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत.' कुठून घेतलंस? 'गूगलवरून, मॅडम.' उघडायला लावलं तर गोळ्या घरपोच विकणारी साइट. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही.

मुलांवर रागावले नाही. प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी सोर्सच्या (मूळ संशोधन, त्याच्या सूची-सारांश, पाठ्यपुस्तकं) व्याख्या मीच पाठ करून घेतल्यात, पेपरात त्या बिनचूक येतात. पण वर्षभरात ही मुलं काउंटरला उभी राहतील आणि समोरची बाई त्यांच्या शब्दावर गोळी घेईल. रात्री झोप लागली नाही. आमच्याकडे नेट कधी असतं, कधी नसतं. दोन तासांच्या प्रॅक्टिकलला नेमकं काय करून घेऊ? स्वतः करून पाहिलेलं सांगा.

काउंटर_बावीस_वर्षं
मॅडम, शोधायच्या आधी विचारायला शिकवा. तुमचाच प्रश्न माझ्या दुकानात आला होता, फक्त वेगळ्या कपड्यांत. एक ताई म्हणाल्या, "थायरॉइडची गोळी जुनी दिलीत का? गुणच येत नाही." पट्टीवरची एक्स्पायरी दाखवून पाठवलं असतं तर विषय संपला असता. विचारलं, कशी घेता? पहाटे, उपाशीपोटी. बरोबर. आणखी काही चालू आहे? "काही नाही." मग सहज म्हणाल्या, ती ताकदीची गोळी तेवढी असते सोबत. ती कॅल्शियमची, सोबत घेतली की थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं! थायरॉइडचा डोस तोवर दोनदा वाढवून झालेला. चार तासांचं अंतर ठेवायला सांगितलं आणि डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली, कारण अंतर पाळल्यावर तोच वाढवलेला डोस जास्त होऊ शकतो.

एका मुलीला पेशंट करा आणि एक गोष्ट लपवायला सांगा. बाकीच्यांनी ती काढून घ्यायची. त्याआधी मोबाइलला हात नाही.

औषधमाहिती_पुणे
नेट नसलं तरी जमेल असा एक तास सांगतो. इंटर्न मुलांबरोबर दरवर्षी घेतो.

फळ्यावर लिहा: 'अफूवर्गीय वेदनाशामकांचं व्यसन एक टक्क्यापेक्षाही कमी जणांना लागतं.' अमेरिकेत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरलं. त्याला आधार म्हणून बोट दाखवलं जायचं ते 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकातल्या 1980 च्या पत्राकडे. पोर्टर आणि जिक यांचं ते पत्र अवघ्या पाच वाक्यांचं आहे, अर्ध्या पानात मावतं. त्याची झेरॉक्स हातात द्या आणि गप्प बसा.

मुलं आकडे वाचतात: 11,882 रुग्ण, व्यसनाच्या नोंदी फक्त 4. पटतं त्यांना. मग विचारा, हे रुग्ण कुठले? इस्पितळात दाखल असलेले. किती दिवस औषध घेतलं? पत्रात नाही. गेल्या वर्षी एक मुलगा तिसऱ्यांदा कागद वाचून म्हणाला, "सर, घरी गेल्यावर त्यांचं काय झालं हे यात कुठंच नाही." तो क्षण येईपर्यंत थांबायचं, आपण सांगून टाकायचं नाही.

त्यानंतर 2017 ची गोष्ट सांगा. त्याच जर्नलमध्ये या पत्राचे 608 उल्लेख मोजले गेले. सुमारे 81 टक्के लेखांनी रुग्ण इस्पितळात दाखल होते, एवढंही लिहिलं नव्हतं. म्हणजे तुमच्या चौदा वह्यांसारखंच झालं, पण शिकल्यासवरल्या माणसांकडून.

एमफार्म_नांदेड
नेट असेल त्या दिवशी डेलीमेड उघडा, अमेरिकेतल्या औषधांच्या माहितीपत्रकांची सरकारी साइट, फुकट आहे. तिथे निमेसुलाइड (ताप-दुखीवरचं औषध) शोधायला लावा. सापडणार नाही. का, ते मुलांनीच काढायचं: अमेरिकेत त्याला कधी परवानगीच मिळाली नाही. आपल्याकडे 2011 पासून बारा वर्षांखालच्या मुलांना ते देण्यावर बंदी आहे. परदेशी साइटवर नाही म्हणजे औषधच नाही, असं मुलं धरून चालतात. कुठे शोधलं, कोणत्या तारखेला, काय मिळालं नाही, हे वहीत लिहून घ्या आणि त्याला मार्क द्या.

शिक्षिका_डीफार्म
मनापासून आभार. पत्राच्या झेरॉक्स आजच काढते. गुरुवारच्या बॅचला पेशंट कोण होणार तेही ठरलं, वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी. काउंटरवाले दादा, त्या ताईंचं पुढं काय झालं?

काउंटर_बावीस_वर्षं
दोन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन आल्या. डॉक्टरांनी डोस कमी केला होता. कॅल्शियम आता रात्री जेवणानंतर घेतात.