रिमॅप केलेली ३३०आय, ओला रस्ता आणि बाहेर निघणारी मागची चाकं: हात बसवायचा कसा?

कोथरूड_आरडब्ल्यूडी
नमस्कार मंडळी. गाडी बीएमडब्ल्यू ३३०आय (एफ३० पिढी), २०१७ ची, रिअर व्हील ड्राइव्ह. कंपनीचे २५२ एचपी आणि ३५० एनएम. आता वेगळा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), इंटरकूलर आणि रिमॅप (इंजिनच्या संगणकाची बदललेली सेटिंग) आहे. डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदावर ३१८ एचपी, ४७० एनएम. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) बसवलेत, गाडी साधारण ३५ मिमी खाली आहे. पुढे २२५/४५ आर१८, मागे २५५/४०. डिफ (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा डिफरन्शियल) कंपनीचाच, ओपन. गिअरबॉक्स आठ स्पीड ऑटोमॅटिक.

आजवर चालवल्या त्या सगळ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह. सुक्या सरळ रस्त्यावर अडचण नाही. पण चांदणी चौकातल्या रॅम्पसारखं लांब वळण, दुसरा गिअर आणि ओला रस्ता असं जमून आलं, की ॲक्सिलरेटरवर अर्धा पाय दिला तरी गाडीचं मागचं टोक घसरून बाहेर निघतं, डीएससीचा (घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकतो आणि पॉवर कापली जाते. उजव्या वळणावर जास्त, डाव्यावर कमी. म्हणून पाय द्यायचं धाडसच होत नाही आता.

डीएससी बंद करून शिकावं का? आधी एलएसडी (एक चाक मोकळं फिरू न देणारा लिमिटेड स्लिप डिफ) टाकावा का? आणि पुण्याजवळ सराव करायचा कुठे? घाट सुचवू नका, तेवढं कळतं.

पाना_१७
उजव्या-डाव्यात फरक आहे म्हणताय, तर पाय शिकवण्याआधी गाडी तपासा. नीट बसलेली गाडी दोन्हीकडे सारखीच सुटते. अलाइनमेंटचा कागद इथे टाका. गाडी खाली केली की मागचा कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकाव) वाढतो आणि टो (वरून बघितल्यावर चाकाचं तोंड आत की बाहेर) पण हलतो. कॉइलओव्हर बसवणारे बरेचदा पुढचा टो जुळवून गाडी हातात देतात. मागे दोन्ही चाकं मिळून ०.२० ते ०.३० अंश टो-इन हवा आणि तो दोन्हीकडे सारखा वाटलेला हवा. अलाइनमेंट करताना ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं ओझं ठेवायला सांगा. कुरकुर करतील, तरी सांगा. त्याआधी मागच्या आर्मचे आणि सबफ्रेमचे बुश पहार लावून हलवून बघा. रबर फाटलेलं असेल तर कागदावरचा टो उभ्या गाडीचा. पॉवर दिली की चाक वेगळीकडेच बघतं.

दुसरी तपासणी बंपस्टॉपची (शॉक पूर्ण दबू नये म्हणून शेवटी असलेला अडसर), आणि ही कोणी करत नाही. ३५ मिमी खाली गेलेल्या गाडीत शॉकचा प्रवास कमी उरतो. वळणात वजन एका बाजूला आलं की शॉक बंपस्टॉपवर टेकतो. मग स्प्रिंगचा संबंध संपला, तिथे जवळपास दगडच. त्या क्षणी त्या चाकावर भार एकदम चढतो आणि पकड तुटते, तीही न सांगता. तपासायला दोन रुपयांचा झिप-टाय पुरतो. मागच्या शॉकचं रबरी बूट वर सरकवा, चकचकीत दांडीवर झिप-टाय घट्ट आवळा आणि शॉकच्या तोंडापर्यंत खाली आणा. नेहमीच्या वेगाने नेहमीच्या रस्त्यावर अर्धा तास फिरा. झिप-टाय वर जिथे जाऊन थांबला तिथपर्यंत शॉक दबला. तिथून बंपस्टॉपपर्यंत किती मिमी उरलं ते मोजा. दोन्ही बाजूंना करा.

टायर: साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झालेलं रबर नक्षी उरली असली तरी कडक होतं. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, पण पावसाळ्यात मागे ३ मिमीच्या खाली गेले की बदला. चारही एकाच मॉडेलचे. पुढे भारी आणि मागे स्वस्तातले घालून पैसे वाचवायची गाडी ही नव्हे. हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे, टायर गार असताना. "ग्रिपसाठी चार पीएसआय कमी करा" हा सल्ला कानाआड करा.

मागचं_चाक
पानांनी गाडीचं सांगितलं, मी पायाचं सांगतो.

पहिली गोष्ट गिअरची. तुमच्या गिअरबॉक्सचा दुसरा ३.२० चा आणि तिसरा २.१४ चा. म्हणजे तेवढ्याच पेडलवर दुसऱ्यात चाकाला जवळपास दीडपट टॉर्क जातो. त्यात टर्बो २,५०० च्या पुढे भरतो आणि रॅम्पच्या ऐन मध्यावर इंजिन नेमकं तिथेच असतं. तुम्ही पाय तेवढाच ठेवलाय, टॉर्क मात्र वाढत चाललाय. ओल्यात रॅम्पवर तिसऱ्यातच राहा, मॅन्युअल मोडमध्ये गिअर स्वतः धरा. पेडलच्या तळाशी किकडाउनचा खटका असतो, तिथपर्यंत पाय जाता कामा नये. तो लागला की गिअरबॉक्स न विचारता खाली उतरतो.

दुसरी, टायरला पगार एकच. वळायला खर्च केला तर पळायला उरत नाही. स्टिअरिंग वळलेलं असेपर्यंत पाय फक्त वेग टिकवण्यापुरता. स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की त्याच मापाने पाय खाली. हायवेला मिसळायची घाई असते म्हणून लोक वळण संपायच्या आधी पाय दाबतात आणि तिथेच फसतात.

तिसरी सवय सगळ्यात चिवट आहे, कारण ती फ्रंट व्हील ड्राइव्हने लावलेली असते. तिथे पुढचं घसरलं की पाय काढला, गाडी ओळीत आली. इथे मागचं सुटल्यावर पाय फटकन काढलात तर वजन पुढे जातं, मागचे टायर हलके होतात, वर इंजिन ब्रेकिंगही त्यांच्यावरच येतं. गाडी आणखी फिरते. पाय थोडा कमी करायचा, शून्य नाही. शेपूट ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला स्टिअरिंग आणि नजर जिथे जायचंय तिथे. डिव्हायडरकडे बघाल तर डिव्हायडरलाच भेटाल. आणि पकड परत आली की स्टिअरिंग तितक्याच चपळाईने सरळ. बहुतेक गाड्या पहिल्या झोक्यात जात नाहीत, हात उशिरा परत आल्यामुळे उलट दिशेच्या दुसऱ्या झोक्यात जातात. पूर्ण फिरलीच तर ब्रेक कच्चून दाबा आणि थांबेपर्यंत सोडू नका.

हे सगळं कंबरेला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. म्हणून सीट: पाठ पूर्ण टेकलेली, मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर सहज पोचेल इतकी जवळ, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला. हात नऊ आणि तीनवर.

सराव: चाकण-तळेगावकडे एखाद्या मोठ्या गोदामाचं काँक्रीटचं आवार मालकाच्या लेखी परवानगीने रविवारी मिळतं का बघा. किमान ६० मीटर बाय ६० मीटर हवं. खांब, गटार, कर्ब नको. मधोमध कोनने १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा, म्हणजे चारी बाजूंना घसरायला १५ मीटर उरतात. पाण्याला ५,००० लिटरचा टँकर. सोसायटीत पाण्याची बोंब असताना पिण्याचं पाणी उडवू नका, एसटीपीचं (शुद्ध केलेलं सांडपाणी) मागवा. वर्तुळाचा पाच मीटरचा पट्टा भिजवायला दर खेपेला ४७० लिटर धरले तर मिलिमीटरभर पाणी बसतं. टँकरमध्ये दहा खेपा होतात.

त्या वर्तुळावर ओल्या काँक्रीटवर पकड साधारण ताशी ३० किमीच्या आसपास संपते, सुक्यावर ४० च्या थोडं पुढे. म्हणजे जे रॅम्पवर ५५-६० ला घाबरवतं तेच इथे सायकलच्या वेगापेक्षा जरा जास्त वेगात समजतं. डीएससी चालू ठेवून सुरुवात करा, दिवा कधी लुकलुकतो ते पायाला पाठ होऊ द्या. मग बटण एकदा दाबून डीटीसी. त्यात थोडी घसरण करू देतात, पण जाळं पूर्ण काढत नाहीत. एका दिशेने पाच-सहा फेऱ्या, मग उलट, मग दहा मिनिटं थंड. डीएससी पूर्ण बंद सगळ्यात शेवटी, तेही त्याच आवारात. रस्त्यावर कधीच नाही.

घाटउतार
वरच्या दोघांशी सहमत, एलएसडीचं बोलतो. घाई नको. ओपन डिफमध्ये आतलं चाक मोकळं फिरतं, पॉवर वाया जाते, पण बाहेरच्या चाकाची आडवी पकड बरीचशी शाबूत राहते. क्लच टाइप एलएसडी दोन्ही चाकांना ढकलतो. सुटली तर दोन्ही एकदम सुटतात. अंदाज येतो, हे खरं, पण हात बसलेल्या माणसाला. नवख्याला ओल्यात तो उलट घाबरवेल. पुढे टाकायचाच तर रोजच्या गाडीला हेलिकल, त्याला क्लच प्लेट नसतात.

त्यापेक्षा फुकटात होणारं काम: ट्यूनरला गिअरनुसार टॉर्क मर्यादा घालायला सांगा. पहिल्या-दुसऱ्यात ३८० एनएम, तिसऱ्यापासून पुढे पूर्ण. आणि पेडल मॅप कंपनीसारखा सरळ करून घ्या. बरेच ट्यूनर पहिल्या ३० टक्के पेडलमध्येच ७० टक्के टॉर्क भरून देतात. गाडी जोरात वाटते, गिऱ्हाईक खूश, पण बारीक माप देता येत नाही. मॅप १०० ऑक्टेनचा असेल तर टाकीतही तेच हवं. कमी ऑक्टेनवर नॉक (पेट्रोल अवेळी पेटणं) आला की ईसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि तोच पाय रोज वेगळं उत्तर देतो.

विमा कंपनीला मॉडिफिकेशन लेखी कळवलंय का? शिवाय रेस आणि स्पीड टेस्टिंग पॉलिसीत येत नाही. पुढेमागे ट्रॅक हवा तर चेन्नईजवळचा आणि कोईम्बतूरचा कारी, दोन्ही लांब. कोल्हापूरला कार्टिंग आहे, त्याला कमी लेखू नका. कार्टला मागे एकच सलग ॲक्सल, डिफ नाही, सस्पेन्शन नाही; हात परत आणायची चपळाई तिथे स्वस्तात येते.

आणि जूनचा पहिला पाऊस. वर्षभराचं ऑइल, रबर आणि धूळ वर तरंगते, तेव्हा तासभर गाडी घरीच बरी. झेब्रा क्रॉसिंगचा रंग आणि कामांवरच्या लोखंडी प्लेटा तर पूर्ण पावसाळाभर घसरड्या.

कोथरूड_आरडब्ल्यूडी
कागद मिळाला. मागे डावा टो −०.०५, उजवा +०.१२. कॅम्बर डावा −२.६, उजवा −२.४. झिप-टाय केला: डावीकडे बंपस्टॉपला टेकला, उजवीकडे ६ मिमी उरलेत. टायर ३१२०.

पाना_१७
सापडलं. मागचं डावं चाक टो-आउट आहे. उजव्या वळणात सगळा भार त्याच चाकावर, आणि ते बाहेरच्या दिशेला बघतंय, म्हणजे शेपूट बाहेर काढायला मदत करतंय. वर शॉक टेकतोय. तुमच्या पायाचा दोष यात कमीच.

मागून १५ मिमी उचला, पुढूनही तितकंच. मागे स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला बसते, त्यामुळे पर्च (स्प्रिंगची उंची ठरवणारी फिरती बैठक) १० मिमी फिरवला तर बॉडी त्याहून जास्त उचलली जाते. पर्च मोजू नका. हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, चारही चाकांना, गाडी सपाट जागी, टाकी अर्धी. मागचा रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडताना होणारा विरोध) ओल्यासाठी दोन क्लिक मऊ करा, नाहीतर खड्ड्यानंतर चाक रस्त्यावर परत यायला उशीर लावतं. ५०-६० किमी चालवून स्प्रिंग बसू द्या, मग अलाइनमेंट. त्यानंतर झिप-टाय पुन्हा खाली ओढा आणि परत फिरा; आता डावीकडेही बंपस्टॉपला टेकता कामा नये. २०२० चे टायर या पावसाळ्याआधी काढा, आणि टँकर त्यानंतरच बोलवा.