चासी नंबर जुळला म्हणून गाडी एसएस ठरत नाही
एकांनी लिहिलंय की १९७० ची शेव्हेल (शेव्हर्लेची जुनी अमेरिकन गाडी) घेताना चासी नंबर तपासला की 'एसएस', म्हणजे तिची जोरदार 'सुपर स्पोर्ट' आवृत्ती, खरी का खोटी ते कळतं. ६६ ते ६८ च्या गाड्यांना हे लागू आहे, तेव्हा एसएस ३९६ ला (३९६ घनइंच इंजिनाची एसएस) नंबराच्या सुरुवातीला १३८ हा स्वतंत्र आकडा होता. ६९ पासून मात्र एसएस हे नुसतं ऑप्शन पॅकेज झालं. त्यामुळे साधी व्ही-८ (आठ सिलिंडरची) मालिबू, म्हणजे शेव्हेलचंच एक मॉडेल, आणि ४५० हॉर्सपॉवरच्या एलएस ६ इंजिनाची एसएस, दोन्हींचा नंबर १३६ नेच सुरू होतो! बॅज, पट्टे, बॉनेट तर आजही नवं विकत मिळतं.

मग उरतो कागद. कारखान्यातली बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी), बहुतेकदा पेट्रोलच्या टाकीच्या वर अडकलेली सापडते. पाँटियाकच्या गाड्यांची कारखान्याची नोंद पैसे भरून मागवता येते, अमेरिकेत बनून तिथेच विकलेल्या शेव्हर्लेची तशी सोय नाही. इंजिन ब्लॉकवरचे आकडे घासून नव्याने ठोकणारेही आहेत (कलाकारच म्हणायचे), म्हणून ब्लॉकवर आकडे असतात त्या सपाट पट्टीवर मूळ मशीनिंगच्या बारीक समांतर रेषा दिसतात का ते बघा. गुळगुळीत असेल तर मी तरी एलएस ६ ची किंमत देणार नाही. विकणाऱ्यांनीही रिस्टोरेशनआधीचे फोटो जपून ठेवावेत, चकचकीत रंगापेक्षा गिऱ्हाईक तेच आधी मागतं.