मदत हवी आहे : ‘मोदक’ फॉन्टची अक्षरं पिशवीवर छापताना बुजतायत

नमस्कार मंडळी,

वाचनालयाच्या बालनाट्य शिबिरासाठी पोस्टर आणि मुलांना द्यायच्या कापडी पिशव्या करतेय. मथळ्याला ‘मोदक’ घेतलाय, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला. पाहिला नसेल तर सांगते : अक्षरं इतकी गुबगुबीत, की अक्षरांच्या आतल्या पोकळ्यांच्या जागी फक्त बारीक चिरा उरतात. माझा अतिशय लाडका फॉन्ट. मुलांसाठी म्हटलं की लोक अक्षरं वेडीवाकडी नाचवतात. इथे सगळी गंमत जाडीत आहे आणि अक्षर तरीही वळणदार राहतं.

ए-३ पोस्टर झकास आलं. पिशवीवर मात्र मथळा जेमतेम चार इंच रुंद आहे. स्क्रीन प्रिंटिंगच्या नमुन्यात शाई पसरली आणि चिरा भरून गेल्या. ब आणि व ओळखू येत नाहीत, ‘ट्य’ म्हणजे नुसता गोळा! शिवाय अक्षरांना पिवळी बॉर्डर हवी आहे, ती दिली की चिरा स्क्रीनवरच बंद होतात.

फॉन्ट बदलायचा नाहीये. काय करता येईल? तारीख-वेळही मोदकमध्येच टाका असा एका सदस्यांचा आग्रह आहे, तो मला पटत नाही.

प्रतिसाद १
बॉर्डर थेट अक्षराला देऊ नका, ती कडेच्या दोन्ही बाजूंना वाढते आणि आतली चीर खाते. मथळ्याची प्रत मागे ठेवा, तिला पिवळा रंग आणि पिवळी बॉर्डर द्या, वर मूळ अक्षरं तशीच. चिरांमधून मागचा पिवळा डोकावेल, छानच दिसतं ते.

पिशवीवर मथळा दोन ओळींत तोडून मोठा करा. तरी बुजला तर उलटं छापा : लाल पट्टा छापायचा, अक्षरं कापडाच्या रंगाची कोरी सोडायची. मग शाई चिरांवर येते. पसरली तर चिरा उलट ठळक होतात.

प्रतिसाद २
तारीख-वेळेला मोदक नकोच, तुमचं बरोबर आहे. लहान आकारात चिरा दिसतच नाहीत. ‘एक टाइप’चाच ‘मुक्ता’ घ्या, सात वजनांत (म्हणजे अक्षरांच्या जाडीत) मिळतो. उपमथळ्याला ‘बलू २’ शोभेल. मोदक धरून तिन्ही फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सचे, म्हणजे मोफत वापराच्या परवान्याचे आहेत, उद्या पिशव्या विकल्यात तरी हरकत नाही.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. आणि फाइल कर्व्हज करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार बनवूनच छापखान्यात द्या, नाहीतर त्यांच्या मशीनवर जोडाक्षरं फुटतील.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार! मागे पिवळी प्रत ठेवून पाहिली, पोस्टरवर फारच खुललंय. पिशवीचं उलटं छापून बघायला उद्या छापखान्यात जातेय. लाल पट्ट्याच्या कडा सरळ ठेवू, की अक्षरांच्या गोलाईबरोबर वळवू? मला वळवलेल्या आवडतील, पण मग काना-वेलांटीभोवती किती जागा सोडायची?