१९९४ची कोरोला: स्कॅनरशिवाय चेक इंजिनचे कोड कसे वाचायचे?

मनगटपाना: गाडी १.८ ऑटोमॅटिक, अमेरिकन मॉडेल. चेक इंजिनचा दिवा लागलाय, सकाळी स्टार्ट व्हायला कुरकुरते, तापली की ठणठणीत. डॅशखाली स्कॅनर लावायचं १६ पिनांचं सॉकेटच नाही. कोड घरी निघतील का?

काळंऑईल: निघतील. ते सॉकेट तिकडे १९९६पासून सक्तीचं झालं. तुमच्या गाडीत बॉनेटखाली 'डायग्नोसिस' लिहिलेली झाकणाची डबी आहे. झाकणाच्या आतल्या नकाशावर टीई१ आणि ई१ ही टोकं शोधा. इग्निशन बंद ठेवून दोन्हींत वायरचा तुकडा घाला. गिअर न्यूट्रलला, एसी-दिवे बंद, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नको, बॅटरी किमान ११ व्होल्ट. आता चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, आणि दिवा बघा. एकसारखा भराभर लुकलुकला तर कोड नाही. कोड असेल तर जितक्या वेळा लुकलुकला तितका पहिला अंक, दीड सेकंद थांबा, मग तसाच दुसरा अंक. दोन कोडांमध्ये अडीच सेकंद, सगळी फेरी संपली की साडेचार. मोबाईलवर शूट करून मग मोजा, डोळ्यांनी हमखास चुकतं.

फ्यूजगेला: बी+ (बॅटरीचा प्लस) आणि ई१ (अर्थ) चुकून जोडलेत तर थेट शॉर्ट. नकाशा दोनदा बघा, झाकण फिरवून धरलं की डावं-उजवं उलटतं.

मनगटपाना: दोन, थांबा, दोन. तेच परत परत.

काळंऑईल: २२, कूलंट टेंपरेचर सेन्सरचं सर्किट. सिग्नल तुटला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पाणी ८० अंश आहे असं धरून चालतो, म्हणून थंड इंजिनाला पेट्रोल कमी पडतं आणि तापल्यावर तक्रार उरत नाही. पण लगेच सेन्सर मागवू नका. दोन वायरींचा तो ईसीयूचा. एका वायरीचा असेल तो डॅशच्या काट्याचा, त्याला हात लावू नका. कनेक्टर काढून सेन्सरच्या पिनांवर ओहम मोजा: २० अंशाला २ ते ३ किलोओहम, ८० अंशाला २०० ते ४०० ओहम. मीटर काहीच दाखवत नसेल तर सेन्सर गेला. आकडा बरोबर आला तर चावी ऑन करून कनेक्टरच्या दोन टोकांत ५ व्होल्ट येतात का बघा. नाही आले तर वायरिंग शोधा. बहुतेकदा पिनेवरचा हिरवा गंजच निघतो.

फ्यूजगेला: सेन्सर बदलायचा तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, थोडं कूलंट सांडेल, नंतर टॉप-अप करा. शेवटी इग्निशन बंद करून १५ अँपिअरचा ईएफआय (फ्युएल इंजेक्शनचा) फ्यूज मिनिटभर काढा, कोड पुसला जातो. बॅटरीची वायर काढूनही पुसतो, पण रेडिओची स्टेशनं परत लावत बसावं लागतं. आणि टीई१-ई१ची वायर काढायला विसरू नका, ती असेपर्यंत स्पार्कचं टायमिंग पुढे सरकत नाही आणि गाडी मरतुकडी चालते.