त्याची काळी दोन, माझी काळी चार. जुगलबंदी कशी जमवावी?

रामबागकर
नमस्कार. मी इंदूरची. बरीच वर्षं ग्वाल्हेर गायकी शिकते आहे. यंदा गणपतीत मला आणि माझ्या मामेभावाला एकत्र गायचं आहे. तो किराणा घराण्याचा, एकेका सुरावर रमणारा. मला बंदिशीचे दोन्ही भाग, स्थायी-अंतरा, नीट मांडल्याशिवाय पुढचं सुचतच नाही. पण खरा घोळ पट्टीचा, म्हणजे सा कुठे धरायचा याचा. तो काळी दोनात (पेटीची दुसरी काळी पट्टी) गातो, मी काळी चारात. रविवारी मधली म्हणून काळी तीन धरली, तर माझा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम घशातच राहिला आणि त्याचा तार (वरच्या सप्तकातला) गंधार फाटला. राग यमन होता, पण दोघांपैकी एकाचाही वाटेना. आजोळी लहानपणी आम्ही एकाच तानपुऱ्याशी बसायचो, म्हणून हे व्हावं असं फार वाटतं. कुणी अशी जोडी बसवली आहे का?

जुनी तबकडी
ताई, आधी ‘बैजू बावरा’मधलं (१९५२) ‘आज गावत मन मेरो’ पुन्हा ऐका. राग देसी, संगीत नौशाद यांचं. त्या जुगलबंदीत तानसेनासाठी गायले आपल्या इंदूरचे अमीर खाँसाहेब, बैजूसाठी द. वि. पलुस्कर, म्हणजे तुमच्याच ग्वाल्हेर परंपरेचे. खाँसाहेबांचा भरदार, खोल आवाज आणि पलुस्करांचा स्वच्छ, उजळ आवाज. डोळे मिटून ऐकलं तरी कोण गातंय ते कळतं. कुणीही दुसऱ्यासारखं गायला गेलेलं नाही. अर्थात दोघे पुरुष, त्यामुळे पट्टीचा प्रश्न त्यांना नव्हता.

ठेका
मी तबला वाजवतो. काळी तीन सोडा, दोघांनी आपापली पट्टी ठेवा. काळी दोनाचा मध्यम म्हणजेच काळी चार! त्याचा म तोच तुमचा सा. पं. जसराजांचा ‘जसरंगी’ हा स्त्री-पुरुष जुगलबंदीचा प्रकार याच मूर्च्छनेवर, म्हणजे सूर तेच ठेवून सा बदलण्यावर, उभा आहे. त्याने राग अभोगी गावा, तुम्ही राग कलावती. त्याचे सा रे ग॒ म ध हे सूर तुमच्या षड्जावरून मोजा: म होतो सा, ध होतो ग, सा होतो प, रे होतो ध आणि कोमल ग होतो कोमल नी. सूर तेच पाच, राग दोन. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी त्याच्या मध्यमात लावा, अभोगीत पंचम नाहीच. त्याला सा-म ऐकू येईल, तुम्हाला प-सा. तबला काळी चारात.

रामबागकर
दादा, हे वाचून लगेच पेटी काढली आणि खरंच अंगावर काटा आला. पण लयीचं काय? त्याच्या विलंबितात (संथ लयीत) माझ्या बोल-ताना (बंदिशीचे शब्द घेऊन केलेल्या ताना) बसत नाहीत.

ठेका
विलंबित त्याला एकट्याला गाऊ द्या, तुम्ही मधूनमधून फक्त आलाप करा. मध्यलय तीनतालाची बंदिश तुमची. तिथे त्याने तुमच्यामागे यावं. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) मात्र दोघांनी रोज एकत्र यायचा रियाज करा, ती चुकली की श्रोत्यांना लगेच कळतं.

रामबागकर
काल बसलो. एकच तानपुरा, मध्यमाचा. त्याने अभोगीत मध्यमावर न्यास केला, म्हणजे तिथे थांबला, आणि तिथूनच मी कलावतीचा सा लावला. तो गाता गाता थांबला, तानपुरा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “अक्का, परत लाव.” आम्ही ती एकच जागा अकरा वेळा केली. बंदिश अजून ठरायची आहे. कलावतीतली मध्यलयीची कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा.