सवारीवर डाउट आला तेव्हा तुम्ही काय केलं? अनुभव सांगा

वर्धारोड
काल बुटीबोरीच्या अलीकडे एका पोराची बॅग खड्ड्यात खणकन वाजली. आईने दिलेल्या लोणच्याच्या बरण्या निघाल्या, हॉस्टेलला चालला होता. पण तो आवाज ऐकून माझे हातच गार पडले.

२०१२ ची गोष्ट. माझी इंडिका होती, नागपूरच्या गणेशपेठ स्टँडपासून वर्धेच्या सवाऱ्या मारत होतो. एक बाई बसली, सोबत चारेक वर्षाचं पोरगं अन् एक बॅग. बॅग डिक्कीत टाकू देईना, पायाशीच घेतली. वरून टॉवेल कोंबला होता तरी प्रत्येक खड्ड्यात काच वाजे. बुटीबोरी सुटल्यावर दोनदा विचारलं, "भाऊ, आज चेकिंग आहे का?" समजलं. वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी, आपल्या इकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माल सापडला की गाडीही जप्त, अन् माझे हप्ते चालू होते. केळझरला गाडी थांबवली, पैसे वापस केले, उतरवून दिलं. मे महिन्याची दुपार. वर्धेला पोचल्यावर पाहतो तर पोराची एक चप्पल गाडीतच. वापस आलो, बाई नव्हती. कायद्याने बरोबरच केलं, पण ते पोरगं एका पायाने तापलेल्या डांबरावर... तुम्ही काय केलं असतं?

इतवारीवाला
बरोबर केलं भाऊ. माझ्या बाबांची ओमनी सवारीच्या पोत्यापायी सहा महिने ठाण्याच्या आवारात उभी होती, पोतेवाला तिसऱ्या दिवशी जामिनावर बाहेर अन् आम्ही गाडी सोडवायला सुपूर्तनाम्यासाठी कोर्टाच्या चकरा मारून राहिलो. गाडी भेटली तेव्हा उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं, आईचं मंगळसूत्र गेलं त्याच्यात. आता बाबा सामान स्वतः हाताने उचलून पाहतात मगच डिक्की उघडतात

सावनेरची सून
केळझरला म्हणजे गणपतीच्या तिकडे का? तिथे सावली असते दादा, एवढं मनाला लावून घेऊ नका 🙏

रातपाळी
माझं उलटं. रात्री दीडला स्टेशनवरून दोन माणसं अन् एक चौदा-पंधरा वर्षाची पोरगी, रामटेकला जायचं म्हणे. पोरगी मधात बसवलेली, एक शब्द नाही, आरशात पाहिलं तर रडून राहिली. कामठीच्या पुढे पंपावर हवा चेक करतो म्हणून उतरलो अन् ११२ लावला. पोलीस आले तर सख्खा बाप अन् मामा, पोरगी घरून निघून गेली होती, तिला घेऊन चालले होते. बाप मारायला धावला. त्याची काय चूक, रात्री दोनला पोरीसमोर पोलीस उभे केले मी त्याच्या. पण पुन्हा तशी पोरगी दिसली तर पुन्हा लावीन. मला दोन पोरी आहेत.

चांद्याचा
आमच्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी लागली, २०२१ ला उठली, तेवढी वर्षं हेच भोगलं. एकाने दुधाच्या कॅनमध्ये नेली माझ्या गाडीतून, वासही नाही आला

वर्धारोड
ताई, देवळाच्या बरंच अलीकडे उतरवलं, झाडं नव्हती तिथे. चप्पल निळी होती. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली होती दोन वर्षं, गाडी विकली तेव्हा काढली.

इतवारीवाला
रातपाळी भाऊ, रामटेकचं रात्रीचं किती घेता? बहिणीला आणायचं आहे शनिवारी